सोवळ्यातला हुतुतू

ज्यांना शिवायची सोय नव्हती अशा सात जणांचा मी कबड्डीचा सामना ठरवला. कबड्डीत एकमेकांना शिवण्यापलीकडे फारसं काही नसतं हे मला माहीत होतं; नुसतं माहीत नव्हतं, लेखी परीक्षेत मी ते आकृती काढून लिहिलं होतं. तरीही ठरवला. आणि घाईत नव्हे, चांगला विचार करून, रंगीत खडूंनी तक्ते रंगवून, गुरुजनांची मान्यता घेऊन ठरवला. माणसाच्या हातून अडाणीपणाने चुका होतात असं म्हणतात. माझ्या बहुतेक चुका अभ्यासातून झालेल्या आहेत.

आमचं घर काशीत, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. तळमजल्यावर अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, वेदपाठशाळा, वर आम्ही, आणि गच्चीवर माकडं. आमचे कोणी पूर्वज वाईकडून यात्रेला म्हणून आले आणि त्यांचं परतायचं राहून गेलं. घरात मराठी टिकली, पण तिला काशीचं पाणी लागलं. माईआत्या, अण्णांची थोरली बहीण, मला हाक मारायची ती अशी : "वासू, झटपट नहा आणि सब्जी घेऊन ये, मग बाजार उठून जाईल." आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर आत्याच्या हाती होतं आणि आत्या कोणाच्याच हाती नव्हती. पहाटे खालून संथेचा आवाज जिना चढून यायचा. गुरुजींनी एकदा म्हणायचं, पोरांनी दोनदा. त्यात देवळाची घंटा, नावाड्यांच्या आरोळ्या, आणि आत्याच्या पाट्यावर घरंगळणारा वरवंटा. फोडणीत हिंग पडला की खालची संथा हमखास एका ठिकाणी अडखळायची. अण्णा इतर चुकांना छडी दाखवायचे. हिंगाची चूक तेवढी सोडून द्यायचे. त्या वेळी त्यांचंही लक्ष वरच असावं असा माझा संशय आहे.

मी संस्कृत घेऊन बी.ए. कसाबसा झालो होतो आणि पुढचं सगळं आयुष्य मला अगदी स्वच्छ दिसत होतं. घाटावर बांबूची मोठी छत्री, छत्रीखाली अण्णांची चौकी, चौकीवर अण्णांच्या शेजारी मी. महाराष्ट्रातून यात्रेकरू यायचे, त्यांचे तीर्थविधी सांगायचे, आणि पुन्हा दुसरे यायचे. मंत्र मला येत होते. पण एकदा अण्णांना ताप आला म्हणून एका यजमानाचं तर्पण सांगायला मी एकटा बसलो, आणि ओघाओघात त्यांच्या हयात असलेल्या सासऱ्यांनाही तिलांजली देऊन मोकळा झालो. सासरे मागच्याच पायरीवर पेरू खात बसले होते. त्यांनी हातातला पेरू खाली ठेवला. त्या दिवसापासून मला त्या छत्रीकडे बघवेना.

अशात विद्यापीठात एक नवीन पदविका निघाली. 'खेल एवं मनोरंजन प्रबंधन' असं तिचं नाव. मी अर्ज केला, नाव लागलं, आणि मग घरी सांगितलं. हा क्रम चुकीचा होता हे मान्य, पण उलट्या क्रमाने माझं आजवर कुठलंच काम झालेलं नाही. आत्या पुरणाला चाळण लावून बसली होती. ती म्हणाली, "खेळायला शिकवायला कॉलेज निघालं का? मग झोपायला शिकवायचं निघालं की त्यातही नाव घाल, पहिला येशील." अण्णांनी माहितीपत्रक हातात घेतलं, पोथी वाचावी तसं शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "यात नेमकं शिकवतात काय?"

मी म्हणालो, "लोकांच्या रिकाम्या वेळाचं नियोजन. फावल्या वेळात लोकांना आनंद कसा मिळवून द्यायचा, ते."

"काशीत?" अण्णांनी विचारलं.

एवढंच विचारलं. ज्या गावातला माणूस सकाळी लोटा घेऊन नावेतून पलीकडच्या वाळूवर जातो, भांग वाटतो, अंगाला तेल चोळतो, पोहतो, आणि दुपार कलली की जगातलं फार मोठं काम केल्यासारखा परततो, त्या गावाला फावल्या वेळाचं नियोजन शिकवायला मी निघालो होतो. अण्णा मात्र हट्टी नव्हते. त्यांनी अट घातली. "वर्ष तुझं. परीक्षा पास झालास तर या खेळातच पोट भर, मी अडवणार नाही. नापास झालास तर छत्रीखाली येऊन बसायचं, आणि पहिल्यापासून संथा घ्यायची. लहान पोरांबरोबर." शेवटचे तीन शब्द त्यांनी मुद्दाम थांबून म्हटले. पाठशाळेतली लहान पोरं खालून वर बघून हसत होती. त्यांना सगळं ऐकू येत असे.

अभ्यासक्रम मला फार आवडला. पुस्तकं परदेशी होती. त्यांत बर्फावरून घसरण्याच्या स्पर्धा कशा भरवाव्यात हे होतं, शेकोटीभोवती कसं बसावं हे होतं, आणि माणसं खेळायला तयार नसतील तर त्यांना न दुखावता कसं खेळवावं यावर एक अख्खं प्रकरण होतं. विभागप्रमुख चौबे सर म्हणजे अस्सल बनारसी. गळ्यात शिट्टी आणि गालात पान. शिट्टी वाजवलेली मी कधी ऐकली नाही, कारण पान असताना ती वाजवता येत नाही आणि पान नसतानाचे चौबे सर कोणी पाहिले नव्हते. ते हुंकारांनी शिकवायचे. एक हुंकार म्हणजे बरोबर, दोन म्हणजे पुन्हा कर. पान थुंकून ते बोलायला लागले तर प्रकरण गंभीर, असं आम्ही समजून चाललो होतो.

शिट्टीचा सराव मी आमच्या गच्चीवर करायचो. पंचाची शिट्टी तीन प्रकारची असते; सुरुवातीची आखूड, चुकीची तीव्र आणि समाप्तीची लांब. माझ्या तिन्ही शिट्ट्या सारख्याच निघायच्या आणि तिन्हींना माकडं यायची. एका सकाळी आत्याने गच्चीवर पोह्यांचे पापड वाळत घातले होते. मी समाप्तीची शिट्टी दिली आणि पापड समाप्त झाले. आत्या वर आली, रिकाम्या चादरीकडे पाहिलं, कठड्यावर रांगेने बसून पापड खाणाऱ्या माकडांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं. तुझी एक तरी टीम तयार झाली."

पदविकेचं वर्ष दसऱ्याच्या आसपास संपायचं, तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रत्येकाने आपापल्या समाजासाठी मनोरंजनाचा एक कार्यक्रम आखायचा आणि पार पाडून दाखवायचा. चौबे सर स्वतः येऊन बघणार आणि त्यावर पास-नापास ठरणार. लेखीत मी काठावर होतो. म्हणजे माझं सगळं भविष्य, छत्री की शिट्टी, या एका कार्यक्रमावर येऊन ठेपलं होतं.

काशीत मराठी समाज दोन तऱ्हेचा होता. एक आम्ही घाटाकडचे, पिढीजात, पोथ्या-पळीपंचपात्रवाले. दुसरे नोकरीवाले, रेल्वेत, बँकेत, पोस्टात बदली होऊन आलेले, कॉलनीत राहणारे. ते आमच्याकडे सत्यनारायणाला यायचे, पोटभर जेवायचे आणि जाताना म्हणायचे की तुमची मराठी पेशव्यांच्या वेळची आणि हिंदी पानवाल्याची. आम्ही म्हणायचो, यांना आचमन सांगावं लागतं. दोघांना एकत्र आणायचं, हे माझं उद्दिष्ट. तक्त्यावर मी ते लाल खडूने लिहिलं. खेळ कबड्डी, कारण तिला साहित्य लागत नाही. एका बाजूला पाठशाळेतले तरणे वैदिक, त्यांचा म्होरक्या माझा मित्र गजू, जो सकाळी रुद्र म्हणायचा आणि संध्याकाळी आखाड्यात मुद्गलांची जोडी फिरवायचा. दुसऱ्या बाजूला कॉलनीचा संघ, त्यांचा कप्तान मोहरील, रेल्वेतला कारकून, मूळचा अमरावतीकडचा. मैदान म्हणून संकठा घाटाचा मोठा चौथरा. पूर नुकता ओसरला होता आणि त्याच्यावर गंगेची गाळमाती हातभर साचून मऊ वाळली होती. कबड्डीला त्याहून चांगली जमीन पैसे देऊन मिळाली नसती. तक्त्यात 'संभाव्य धोके' असा एक रकाना होता. त्यात मी लिहिलं : पाय घसरणे.

अडचण फक्त वेळेची होती. वैदिकांना सगळ्यांना एकदम सुट्टी म्हणून कधी नसते. पण पुस्तकात लिहिलं होतं की लोकांना कार्यक्रमाकडे खेचू नये, लोक जिथे आधीच जमतात तिथे कार्यक्रम न्यावा. आणि नेमकं त्याच सुमारास सांगलीकडचे एक हळदीचे व्यापारी लघुरुद्र करवायला सहकुटुंब आले होते. पाठाला पाठशाळेतले सगळे तरणे बसणार होते. मी अण्णांकडून क्रम विचारून घेतला. ब्राह्मणांनी पहाटे स्नान करून तयार राहायचं. अण्णा यजमानांना घेऊन मणिकर्णिकेला जाणार, तिथला विधी आटोपून परतणार, आणि मग पाठाला सुरुवात. मध्ये चांगला दीड तास ब्राह्मण मोकळे. मला आनंदाने झोप लागेना. ब्राह्मण मोकळे असतात एवढं मी बघितलं. ते सोवळ्यात मोकळे असतात, हे सोवळ्यातच वाढलेल्या माझ्या डोक्यात आलं नाही. ज्या घरात मुलगा चालायला शिकतो तो आत्याच्या वाळत घातलेल्या लुगड्याला वळसा घालून, त्या घरातला मी. सवय इतकी होती की ती दिसेनाशी झाली होती.

त्या सकाळी बूट बांधत असताना आत्याने ओट्यापासून विचारलंसुद्धा, "वासू, पाठाची पोरं सोवळं नेसून बसली आहेत, ठाऊक आहे ना?"

"हो, हो," मी म्हणालो. मी तेव्हा नाडीची दुहेरी गाठ कशी मारावी याचा विचार करत होतो. पुस्तकात आकृती होती.

घाटावर गेलो तर सगळं चित्रासारखं जमलं होतं. चुन्याची रेघ मी आदल्या दिवशीच आखली होती. कॉलनीचा संघ बनियन आणि अर्ध्या चड्ड्यांत, गळ्यात गमछे घालून हजर. चौबे सर गल्लीतल्या एका सांडाला वाट देत देत पोहोचले होते आणि वरच्या पायरीवर गालात ताजं पान ठेवून बसले होते. दोन-चार नावाडी, काही साधू, अंघोळीला आलेले लोक, असे प्रेक्षकही होते. आणि मग जिन्यावरून पाठशाळेचा संघ उतरला. सात जण, सातही जण सोवळ्याचे रेशमी मुकटे नेसलेले. कपाळाला भस्म, बोटात दर्भाची पवित्रकं, आणि हात अंगाला लागू नयेत म्हणून किंचित लांब धरलेले. वाटेतल्या लोकांना वळसे घालत ते आले आणि रेघेच्या त्या बाजूला एकमेकांना चिकटून उभे राहिले.

मी गजूला बाजूला घेतलं. म्हणजे घेता येईना, म्हणून चार हातांवरून विचारलं, "अरे, तुम्ही सोवळ्यात?"

"मग काय, लघुरुद्र आहे," गजू म्हणाला.

"मग कबड्डीला हो कशाला म्हणालास?"

"मला वाटलं तू काही सोय केली असशील. मॅनेजमेंट तू शिकतोस, मी नाही."

सोय एकच होती. खेळावं आणि मग पुन्हा स्नान करावं. समोर गंगा होती. पण नुसती बुडी मारून भागेल, की संध्येपासून सगळं पुन्हा करावं लागेल, यावर त्या सातांत दोन मतं पडली आणि दोन्ही मतांना वचनं होती. ज्यांचा शब्द चालायचा ते अण्णा मणिकर्णिकेवर. मी चौबे सरांकडे पाहिलं. त्यांनी एक हुंकार दिला. सुरू करा.

मी सुरुवातीची आखूड शिट्टी दिली. समोरच्या देवळाच्या शिखरावर दोन माकडं येऊन बसली.

पहिली चढाई मोहरीलची. तो "कबड्डी कबड्डी" करत रेघ ओलांडून आला आणि सातही वैदिक मागच्या भिंतीपर्यंत मागे सरले. मोहरील पुढे, हे मागे. मागे जागा संपली तेव्हा ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मोहरील त्यांच्यापासून हातभरावर थांबला. कॉलनीतला, आचमन सांगावं लागणारा का होईना, पण ब्राह्मणाचाच मुलगा तो. घरी आजी होती त्याच्या. त्याचा हात पुढे जाईना. तोंडाने कबड्डी चालू ठेवून त्याने मान माझ्याकडे वळवली. डोळ्यांत सरळ प्रश्न होता. दम संपत आला तसा तो रेघेकडे परतला आणि धापा टाकत म्हणाला, "भाऊ, शिवू का नको, ते सांगा ना एकदा. कबड्डी खेळून राहिलो का प्रदक्षिणा घालून राहिलो, काही समजत नाही बा."

मग गजूची चढाई. तो आत शिरला आणि कॉलनीच्या संघात पळापळ झाली. त्याला धरायचं तर दूरच, तो आपल्याला लागू नये म्हणून बनियनवाले कोपऱ्याकोपऱ्यांत पांगले. गजू मोकळ्या मैदानाच्या मधोमध एकटा उभा राहून कबड्डी म्हणत होता. त्याला दम भरपूर. तो म्हणतच राहिला. वरच्या पायरीवरून एका नावाड्याने विचारलं, "का गुरु, ई कबड्डी हौ कि आरती?" साधूंपैकी एकाने श्रद्धेने हात जोडले. चढाया होत राहिल्या आणि गुण होईनात. मी प्रत्येक चढाईनंतर शिट्टी देत होतो, कारण दुसरं काय करावं ते पुस्तकात नव्हतं. चौबे सर हुंकारायचे थांबले होते. ते फक्त चावत होते.

हल्ली माझी नात दूरदर्शनवर कबड्डी बघते. रंगीत गाद्या, दिवे, वाद्यं, प्रत्येक पकड पुन्हा पुन्हा दाखवतात. ती मला म्हणते, आजोबा, तुमच्या वेळी असं नव्हतं ना. मी म्हणतो, आमच्या वेळी पकडच नव्हती.

शेवटी रक्ताने घात केला. गजूच्या पुढच्या चढाईला मोहरीलचा पाय गाळात किंचित सरकला, तो गजूच्या पुढ्यात आला, आणि आखाड्यात वाढलेल्या गजूला समोर आलेला माणूस सोडवेना. त्याने मोहरीलची कंबर धरली, उचलला आणि आपल्या हद्दीत नेऊन ठेवला. कबड्डीत चढाई करणाऱ्याने असं करायचं नसतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. गजू आपल्या हातांकडे बघत उभा राहिला. मोहरील त्याच्या मुकट्यावर उमटलेल्या आपल्या बनियनच्या घामाच्या डागाकडे बघत उभा राहिला. आणि नेमके तेव्हाच शिंदे घाटाच्या बाजूने अण्णा आले. मागे हळदीचे यजमान, नुकतीच हजामत केलेलं त्यांचं चकचकीत डोकं, ओलं उपरणं, उपाशी चेहरा. यजमानांची गाडी संध्याकाळची होती. पाठ वेळेत पुरा झाला नसता तर आयुष्यभर ठरवून केलेली यात्रा अर्धी राहिली असती, आणि अण्णांच्या नावाला कधी लागला नव्हता तो बट्टा लागला असता. हे मला त्या क्षणी कळलं. पुस्तकात याला 'संबंधित घटक' म्हणतात.

अण्णांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मुकट्यातले सात, चड्ड्यांतले सात, शिट्टीवाला एक. मग मला विचारलं, "तुझ्या या खेळात माणूस शिवला गेला की काय होतं?"

"बाद होतो."

"आणि बाद झालेला जातो कुठे?"

"रेघेबाहेर बसतो. त्याच्या बाजूने समोरचा कोणी बाद केला की हा पुन्हा जिवंत होतो."

अण्णांनी क्षणभर डोळे मिटले. अवघड ऋचेचा अर्थ सांगण्यापूर्वी ते असेच मिटायचे. "रेघेबाहेर बसायचं कारण नाही," ते म्हणाले. "बाद झालेला गंगेत जाईल. बुडी मारली की शुद्ध, शुद्ध झाला की जिवंत. ओलेत्याने पाठाला बसलं तर काही बिघडत नाही. यजमान उपाशी आहेत, पण ते जरा टेकून श्वास घेईपर्यंत काय खेळायचं ते खेळा. मग वर या."

मोहरीलने विचारलं, "गुरुजी, अन् आम्ही बाद झालो तर?"

"तुम्हीही बुडी मारा," अण्णा म्हणाले. "काशीत इतकी वर्षं काढलीत, नोकरदारांना एकदा गंगास्नान घडू दे."

त्यानंतर जे झालं त्याला मी आजही काय म्हणावं ते ठरवू शकलेलो नाही. गजू पाण्यात गेला आणि आला तो वाघासारखा. बाकीच्यांनीही मुकटे खोचले. शिवाशिवी, पकडापकडी, धपाधप. ज्याला धरला तो गंगेत, गंगेतून पुन्हा रिंगणात. अडचण एवढीच, की बाद झालेला लगेच जिवंत होत असल्यामुळे सामना संपायची काही व्यवस्थाच राहिली नाही. कोणाचे किती गुण हे पहिल्या पाच मिनिटांत माझ्या हातून सुटलं. एक लठ्ठ बँकवाला तर मुद्दाम बाद होत होता, कारण ऊन चढलं होतं. नावाडी दोन पक्षांत वाटले गेले आणि उपाशी यजमान, पोटावर हात ठेवून, पायरीवर उभे राहून ओरडत होते, "धर, धर त्याला, पायात घाल." त्यांच्या पत्नी त्यांना उपरण्याने खाली बसवत होत्या.

एका ढिगाऱ्यातून दोघांना सोडवायला मी, निःपक्षपाती पंच, धावत गेलो. तक्त्यातला धोका त्याच वेळी खरा ठरला. बुटाखालचा गाळ सरकला, मी पायरीकडे फेकला गेलो, आणि पडताना हाताला जे लागलं ते धरलं. ते अण्णा होते.

माझे दोन्ही हात त्यांच्या कमरेला, माझं तोंड त्यांच्या मुकट्यात. मी उठलो नाही. उठण्याइतकं धैर्य नव्हतं. वरून नावाड्याचा आवाज आला, "गुरुजी बाद।"

अण्णांनी माझे हात सोडवले. ते पायऱ्या उतरले, पाण्यात शिरले, बुडी मारली. वर आले, शेंडीचं पाणी निथळलं, आणि सरळ चालत येऊन चुन्याच्या रेघेवर उभे राहिले. मग मोहरीलच्या संघाकडे पाहून त्यांनी श्वास घेतला आणि सुरू केलं, "हुतुतूतूतू..."

कबड्डी नव्हे, हुतुतू. त्यांच्या लहानपणचा. मोहरीलने माझ्याकडे बघितलं, कारण नियमात शब्द ठरलेला होता. मी शिट्टी तोंडात घातली आणि तशीच ठेवली. एका श्वासात आख्खा अनुवाक म्हणायची सवय असलेल्या माणसाचा तो दम होता. अण्णा धावले नाहीत, झेपावले नाहीत. प्रसाद वाटत फिरावं तसे ते आतून फिरले, एकेकाच्या खांद्याला बोट लावत. आणि दम कधी संपतो याची वाट बघत कॉलनीचा अख्खा संघ जागच्या जागी बाद झाला. परत रेघ ओलांडून आल्यावरच त्यांनी श्वास सोडला. मग मागे न बघता म्हणाले, "चला, पाठाला उशीर होतो आहे," आणि जिना चढायला लागले. मागोमाग सात ओलेते वैदिक. त्या दिवशीचा रुद्र पाठशाळेत आजवर झाला नाही इतका दणदणीत झाला, असं यजमान पुढे बरीच वर्षं पत्रातून लिहीत. हिंगाच्या जागीसुद्धा कोणी अडखळलं नाही.

दुपारी पंगत बसली. आत्याने पुरणपोळ्या, कटाची आमटी, अळूची भाजी केली होती. कॉलनीच्या संघालाही बसवलं होतं. गंगास्नान घडलेलंच होतं सगळ्यांना. गजू आणि मोहरील शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या पानावर पोळ्या ढकलत होते, म्हणजे माझं लाल खडूतलं उद्दिष्ट साध्य झालं होतं. मला मात्र ते दिसत नव्हतं. चौबे सरांना अण्णांनी स्वतः आग्रह करून वाढलं. माझ्या कानात अजून गाळ होता. मी वाढपी होतो, आणि तूप वाढताना सारखा चौबे सरांच्या तोंडाकडे बघत होतो, कारण निकाल अजून पानाआड होता. जेवणं झाली, विडे आले. चौबे सरांनी नवीन विडा तोंडात न घालता हातातच ठेवला. म्हणजे ते आता बोलणार होते.

अण्णांनी विचारलं, "तो प्रोफेसर साहब, लड़के का क्या हुआ?"

"देखिए पंडितजी," चौबे सर म्हणाले, "कार्यक्रम तो बहुत बढ़िया रहा। लेकिन चलाया आपने है। नंबर दूँ तो आपको देना पड़ेगा।" मग त्यांनी विचारलं, "अच्छा, फेल कर दूँ तो यह करेगा क्या?"

"मेरे साथ घाट पर बैठेगा," अण्णा म्हणाले. "यात्रियों का श्राद्ध-तर्पण कराएगा."

दाराआडून आत्याने, न विचारता, पेरूवाल्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली. तिच्या अर्ध्या मराठी हिंदीत, पण पूर्ण.

चौबे सरांनी विडा बोटांत फिरवला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत, कानातल्या गाळापासून हातातल्या तुपाच्या वाटीपर्यंत, एकदा नीट पाहिलं. मग ते म्हणाले, "तब तो पास ही करना पड़ेगा। बेचारे लोग इतनी दूर से मुक्ति के लिए आते हैं।"